शेजारच्या शेडमधलं ज्ञान: कारखान्यांची ऊर्जाबचत आणि आप्तवाक्य

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला फोन करून विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. कारखान्याच्या वीजबिलाशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. कॉम्प्रेसर दुरुस्त करायला मला बोलावू नका, मी तो कायमचा बंद पाडीन. (हशा) पण एका माणसाला कळलेली गोष्ट दुसऱ्या माणसापर्यंत कशी पोचते, आणि पुष्कळदा का पोचत नाही, हा ज्ञानमीमांसेचा जुना प्रश्न आहे. तो प्रश्न मला पुस्तकाबाहेर पहिल्यांदा भेटला तो भोसरीतल्या एका शेडमध्ये. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

माझ्या थोरल्या बंधूंची भोसरीत छोटी शेड होती. त्यांना सगळे अण्णा म्हणत. मोठ्या कंपन्यांना लागणारे बारीकसारीक सुटे भाग ते करून देत. सात-आठ मशिनं, डझनभर माणसं, कोपऱ्यात एक कॉम्प्रेसर. हवेवर चालणारी हत्यारं असतात, जॉब पकडायला हवा लागते, चिप्स उडवायला हवा लागते. तो कॉम्प्रेसर सकाळी सुरू व्हायचा तो रात्रीच बंद व्हायचा. भिंतीपलीकडे दुसरी शेड होती, जवळजवळ तसंच काम करणारी. दोन्ही मालक रोज संध्याकाळी एकत्र चहा घेत. दहा-बारा वर्षं घेतला. राजकारण झालं, क्रिकेट झालं, मुलांची लग्नं ठरली. कारखान्याबद्दल मात्र "काय, कसं चाललंय?" आणि "चाललंय" यापलीकडे शब्द गेला नाही.

पुढे अण्णांनी शेड बंद केली. मशिनं विकायला काढली तेव्हा ते शेजारीच कॉम्प्रेसर पाहायला आले. त्यांनी गेजकडे पाहिलं आणि म्हणाले, "अण्णा, आठ किलो प्रेशर कशाला ठेवलं होतंत? तुमचं सगळं काम सहामध्ये होतं. मी तर किती वर्षांपूर्वीच खाली आणलं." अण्णा गप्प बसले. कधीतरी कुणा ऑपरेटरनं हवा कमी पडते म्हणून तक्रार केली होती, तेव्हा सेटिंग वर नेलं होतं. मग ते तसंच राहिलं. शेड विजेमुळे बंद पडली असं म्हटलं तर ते खोटं होईल, कारणं पुष्कळ होती. पण हवेचा दाब एक बारनं कमी केला तर कॉम्प्रेसरची वीज साधारण ६ ते ७ टक्के वाचते, हे गणित मी नंतर शिकलो. आणि त्या भिंतीच्या दोन बाजूंना किती वर्षं एक ज्ञान होतं आणि एक अज्ञान होतं, हे मला अजून टोचतं. दोघंही सज्जन होते. मग ते ज्ञान भिंत ओलांडून का आलं नाही?

आजच्या व्याख्यानात मी एवढ्या एकाच प्रश्नाचा पाठलाग करणार आहे.

ऊर्जा दिसत नाही

पहिली अडचण ज्ञानाच्या विषयातच आहे. आपल्याकडच्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपमान आज बाजूला ठेवू. बाकीची तीन कारखान्यात आणून पाहू.

प्रत्यक्षाला ऊर्जेच्या बाबतीत फारसा वाव नाही. तेल गळलं तर जमिनीवर डाग दिसतो. लोखंड वाया गेलं तर भंगाराचा ढीग दिसतो. हवा गळली तर काय दिसतं? काहीच नाही. बारीक सूं असा आवाज येतो, तोही मशिनांच्या आवाजात विरून जातो. ७ बार दाबाच्या हवेच्या लाइनला ३ मिलिमीटरचं एक भोक असेल, तर ती गळती भरून काढायला कॉम्प्रेसरला सुमारे ३ किलोवॅट वीज लागते. दिवसरात्र चालणारा कारखाना धरा. दिवसाला ७२ युनिट, वर्षाचे ३०० दिवस धरले तर २१ हजार ६०० युनिट. हिशेबाला सोपं जावं म्हणून युनिटला ८ रुपये धरू. पावणेदोन लाखांच्या घरात रक्कम जाते. एका भोकातून! एखाद्यानं कारखान्यातून पावणेदोन लाखांचं पितळ चोरलं असतं तर पोलीस चौकीपर्यंत गोष्ट गेली असती.

मग अनुमान. "पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे" हे न्यायशास्त्राचं जगप्रसिद्ध उदाहरण. कारखान्यात धूर म्हणजे महिन्याचं वीजबिल. पण हा धूर महिना उलटल्यावर दिसतो, आणि तो सबंध डोंगरावर पसरलेला असतो. आग कुठल्या झाडाखाली आहे ते त्यावरून कळत नाही. जास्त वीज भट्टीनं घेतली, कॉम्प्रेसरनं घेतली, की कुणी रविवारीही पंप चालू ठेवला, बिल काही बोलत नाही. त्यात २०२० पासून आपल्याकडे उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएच या एककावर होते. म्हणजे पॉवर फॅक्टर बिघडला तर त्याचा भार थेट युनिटांतच मिसळून येतो. वाचणाऱ्याला बिल वाचता आलं पाहिजे, आणि ते पुष्कळांना येत नाही.

म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी मीटर बसवायचे. मीटर म्हणजे अनुमानासाठी उभा केलेला धूर. पण मीटर बसवला तरी प्रश्न उरतो. फाउंड्रीवाल्याला मीटरनं सांगितलं की एक टन लोखंड वितळवायला तुझ्या इंडक्शन भट्टीला साडेसहाशे युनिट लागले. बरं मग? हे जास्त की कमी? एकट्या आकड्याला अर्थ नसतो. शेजारी त्याच मालाला साडेपाचशे युनिटांत वितळवतो हे कळलं, की त्या साडेसहाशेला अर्थ येतो. म्हणजे अनुमान पुरं व्हायलासुद्धा दुसऱ्या कुणाचा तरी शब्द लागतो.

आप्त कोण?

आता शब्द. शब्द म्हणजे विश्वसनीय माणसाचं सांगणं. त्या माणसाला शास्त्रात आप्त म्हणतात. आपण नातेवाइकाला आप्त म्हणतो, तो अर्थ इथे नाही. वात्स्यायनानं न्यायभाष्यात आप्ताच्या ज्या अटी सांगितल्या त्या फार व्यवहारी आहेत. त्या माणसानं ती गोष्ट स्वतः साक्षात अनुभवलेली असावी, आणि जशी पाहिली तशी सांगण्याची त्याला इच्छा असावी. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषीला लागू आहे, आर्याला आहे आणि म्लेंच्छालाही तितकंच आहे. जात, पदवी, पीठ यांचा संबंध नाही. पाहिलं आहे का, आणि सांगायची इच्छा आहे का? एवढंच विचारा.

हे दोन प्रश्न घेऊन कारखान्याच्या फाटकात उभे राहा. एक विक्रेता येतो. "साहेब, आमचं यंत्र बसवा, ३० टक्के वीज वाचेल." त्याची सांगायची इच्छा दांडगी आहे. पण तुमच्यासारख्या शेडमध्ये ते यंत्र तीन पावसाळे चालवून त्यानं पाहिलेलं नाही. पहिली अट कच्ची. मग ऊर्जा लेखापरीक्षक येतो. तो शिकलेला असतो, प्रामाणिक असतो. पण तीन-चार दिवस राहतो, जाड अहवाल देतो आणि जातो. तो अहवाल पुढे कुठल्या कपाटात जातो, हे इथे बसलेल्या उद्योजकांना मी सांगायची गरज नाही. (हशा) आणि तिसरा शेजारी. त्यानं पाहिलेलं आहे, पैसे घातले आहेत, चुकून शिकला आहे. पहिली अट त्याच्याइतकी कुणीच पुरी करत नाही. अडतं ते दुसऱ्या अटीशी. त्याला सांगायची इच्छा असते का?

तेव्हा आपला प्रश्न आता नेमका झाला. ज्यानं पाहिलं आहे त्याला सांगावंसं वाटेल अशी व्यवस्था कशी करायची?

कॉर्नवॉलच्या खाणी

या प्रश्नाचं एक उत्तर दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला मिळालं होतं. कॉर्नवॉलमध्ये तांब्याच्या आणि कथलाच्या खोल खाणी होत्या. खाणीत पाणी भरायचं, ते उपसायला वाफेची इंजिनं लागायची. पण कॉर्नवॉलमध्ये कोळसा नाही. तो वेल्समधून जहाजानं यायचा आणि महाग पडायचा. जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी तिथे इंजिनं दिली, आणि जुन्या इंजिनाच्या तुलनेत जो कोळसा वाचेल त्याच्या एक-तृतीयांश किमतीइतकं स्वामित्वशुल्क घेतलं. वॉटच्या पेटंटापायी दुसऱ्या कुणाला सुधारणा करता येईना. खाणमालक चडफडत होते. १८०० साली ते पेटंट संपलं. आता सगळं झपाट्यानं सुधारेल असं वाटलं होतं. उलटंच झालं. वॉटची माणसं गेली, देखभाल ढिली पडली आणि इंजिनांची कामगिरी घसरली.

तेव्हा १८११ मध्ये खाणींवरचा एक अनुभवी माणूस, जोएल लीन, यानं दरमहा एक पत्रक काढायला सुरुवात केली. कुठल्या खाणीतल्या कुठल्या इंजिनानं एक बुशेल कोळशात किती पौंड पाणी एक फूट उचललं, त्याचा आकडा. या मापाला ते 'ड्यूटी' म्हणत. सोबत इंजिनाचा आकार, त्यावरचा भार असा तपशील, आणि इंजिनिअरचं नाव. पुढच्याच वर्षी ट्रेव्हिथिक या इंजिनिअरनं उच्चदाबाच्या वाफेवरचं नवं इंजिन तिथे उभारलं आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. ज्याला हवं त्यानं पाहावं, करावं. लीननंतर त्याच्या मुलांनी ते पत्रक चालवलं, आणि ते १९०४ पर्यंत निघत राहिलं. पहिल्या तीसेक वर्षांतच तिथल्या इंजिनांची सरासरी ड्यूटी तिपटीहून अधिक वाढली. एखाद्या एकट्या प्रतिभावंताचं हे काम नव्हतं. एकानं सिलिंडरला उबदार आवरण घातलं, दुसऱ्यानं दाब वाढवला, तिसऱ्यानं झडपा सुधारल्या, आणि प्रत्येकाचा परिणाम पुढच्या महिन्याच्या पत्रकात सगळ्यांना दिसला.

तिथे सांगायची इच्छा कुठून आली? मला तीन कारणं दिसतात. एक, खाणमालक इंजिनं विकत नव्हते, तांबं विकत होते. तांब्याचा भाव बाजार ठरवी. माझ्या इंजिनाचा कोळसा वाचला म्हणून शेजाऱ्याचं गिऱ्हाईक तुटत नव्हतं. दोन, भागधारकांचे पैसे एकाहून अधिक खाणींत असत, त्यामुळे सगळीकडे सुधारणा व्हावी यात त्यांचं हित होतं. तीन, इंजिनिअरचं नाव छापलं जाई. चांगला आकडा म्हणजे पुढच्या खाणीचं काम. सांगणाऱ्याला सांगण्यातून प्रतिष्ठा मिळे. परोपकाराचा भाग असेलही, पण व्यवस्था परोपकारावर उभी नव्हती.

आणि या सगळ्याच्या मुळाशी सर्वांनी मान्य केलेलं एक माप होतं. माप समान नसेल तर देवाणघेवाण होत नाही, नुसत्या बढाया होतात.

उसाच्या चिपाडाचं गणित

हे लांबचं झालं. आपल्याकडे असं काही घडलं का? घडलं, आणि पुण्याच्या आसपासच घडलं. मी साखरेबद्दल बोलतोय.

डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन ही साखर-तंत्रज्ञांची संस्था १९३६ पासून पुण्यात आहे. वेगवेगळ्या कारखान्यांतले चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट अधिवेशनाला येतात, आपल्या कारखान्यात काय केलं त्याचे निबंध वाचतात, आणि ते छापले जातात. पुढे १९७५ मध्ये साखर कारखान्यांनी मिळून स्वतःची संशोधन संस्था उभी केली. आज मांजरीला जी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे ती हीच. ही संस्था कारखान्यांची तांत्रिक कामगिरी पाहते आणि चांगल्या कामगिरीला दरवर्षी पारितोषिकं देते. लीनचं पत्रक आठवतंय ना?

साखर कारखान्यांचंही एक समान माप आहे: उसाच्या वजनाच्या किती टक्के वाफ लागली. १०० टन ऊस गाळला की २८ ते ३० टन चिपाड, म्हणजे बगॅस, निघतं. एक टन बगॅस जाळला की सव्वादोन टनांच्या आसपास वाफ मिळते. पूर्वी १०० टन उसाला ५० टन किंवा त्याहूनही जास्त वाफ लागे, म्हणजे २२ टन बगॅस. उरलेल्याचं करायचं काय, ही उलट कटकट असे. त्यामुळे वाफ वाचवायची फारशी कुणाला गरज नव्हती. मग सहवीजनिर्मिती आली. उरलेल्या बगॅसवर वीज करून ती विकता येऊ लागली. आता वाफेची गरज ५० वरून ४० टनांवर आणली, तर १०० टन उसामागे चार-साडेचार टन बगॅस जादा हाती राहतो, आणि त्याची वीज होते. जे ओझं होतं त्याला मोल आलं. बॉयलरचा दाब २१ किलोवरून ४५, ६७, ८७, काही ठिकाणी ११० किलोपर्यंत गेला. रस आटवण्याच्या भांड्यांतली वाफ पुन्हा पुन्हा कशी वापरायची, गिरण्यांना वाफेच्या टर्बाइनऐवजी विजेच्या मोटारी कशा लावायच्या, हे एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात गेलं. माणसं गेली, निबंध गेले, सहली गेल्या.

इथेही तेच दिसतं. एका कारखान्यानं वाफ वाचवली म्हणून शेजारच्या कारखान्याची साखर विकली जायची राहत नाही. माप समान आहे, भेटण्याची ठरलेली जागा आहे, आणि सांगणाऱ्याला मान आहे. सहकारी साखर कारखानदारीत दुसरे दोष किती आहेत ते तुम्ही मला सांगू नका, मी पेपर वाचतो. पण वाफेच्या बाबतीत या लोकांनी एकमेकांना शिकवलं, हे मान्य केलं पाहिजे.

भोसरीत का अडतं?

मग भोसरी, चाकण, पिरंगुट इथल्या छोट्या शेडमध्ये हे का होत नाही? लोक म्हणतात, स्पर्धा. मी जरा खोदून विचारलं. छोट्या उद्योजकांशी बोलताना एक वेगळीच भीती कानावर आली. "सर, शेजाऱ्याची भीती नाही. गिऱ्हाइकाची आहे. माझी वीज १० टक्के वाचली हे ज्या मोठ्या कंपनीला मी माल देतो तिला कळलं, तर पुढच्या वर्षी ती दर कमी करायला सांगेल. वाचवायचं मी आणि न्यायचं त्यांनी." ही भीती खोटी नाही. ज्ञान वाटल्यानं कमी होत नाही, दिव्यानं दिवा लावावा तसं ते असतं, असं आपण वर्गात शिकवतो. ज्ञान कमी होत नाही हे खरंच. पण ज्ञानातून आलेला फायदा वाटल्यावर कमी होऊ शकतो. हा फरक न करता "ज्ञान वाटा" असा उपदेश करणं सोपं आहे आणि निरुपयोगी आहे.

मोठ्या कारखान्यांसाठी कायदा आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, म्हणजे बीईई, स्थापन झाला. २०१२ मध्ये 'पॅट' योजना सुरू झाली. पहिल्या फेरीत सिमेंट, पोलाद, खत, कागद अशा आठ क्षेत्रांतल्या ४७८ मोठ्या ग्राहकांना प्रत्येकाच्या आधीच्या वापरावरून लक्ष्य ठरवून दिलं. जास्त वाचवलं तर प्रमाणपत्र मिळे, कमी पडलं तर ते विकत घ्यावं लागे. त्या फेरीत लक्ष्यापेक्षा जास्त बचत झाली. राज्यात हे काम पुण्यात औंधला कार्यालय असलेली महाऊर्जा पाहते. पण डझनभर माणसांची शेड या कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्यांच्यासाठी सक्ती नाही, तेव्हा देवाणघेवाण हाच मार्ग उरतो. त्यासाठी प्रयत्न झाले आहेत. बीईई, टेरी आणि स्विस मदतसंस्था यांनी इतरांसोबत 'समीक्षा' नावाचं एक व्यासपीठ केलं. लघु-मध्यम उद्योग आणि ऊर्जाज्ञानाची देवाणघेवाण, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून हे नाव झालं. संयुक्त राष्ट्रांच्या एका प्रकल्पात आपल्या शेजारचं बेळगाव, कोइमतूर आणि इंदूर इथले फाउंड्रीसमूह निवडले गेले. फाउंड्री हा धंदा असा की त्यात गावंच्या गावं एकाच कामात असतात. एकानं भट्टीचं झाकण नेमानं बंद ठेवलं आणि त्याचे युनिट उतरले, तर ते गावाला कळायला फार वेळ लागू नये.

युरोपातलाही एक नमुना सांगतो. १९८७ मध्ये झ्यूरिकमध्ये काही कंपन्या ऊर्जेसाठी एकत्र आल्या. २००२ मध्ये जर्मनीत होहेनलोहे भागात तसाच गट झाला, आणि २०१४ मध्ये जर्मन सरकार आणि उद्योगसंघटना यांनी असे ५०० गट करायचं ठरवलं. पद्धत साधी. दहा-पंधरा कंपन्या, शक्यतो एकमेकींच्या थेट स्पर्धक नसलेल्या. एक बेकरीवाला, एक पंखेवाला, एक प्लास्टिकवाला. प्रत्येकाची आधी तपासणी, मग सगळ्यांचं मिळून एक लक्ष्य, आणि वर्षातून तीन-चार वेळा आळीपाळीनं एकेकाच्या कारखान्यात बैठक. यातली गोम लक्षात घ्या. माल वेगळा, गिऱ्हाईक वेगळं, पण कॉम्प्रेसर, बॉयलर, पंप, दिवे सगळ्यांकडे तेच. म्हणून जिथे स्पर्धा नाही त्या गोष्टी मोकळेपणानं बोलता येतात. भोसरीच्या एका गल्लीत गिऱ्हाईक वेगळं असलेले बारा मालक सापडणार नाहीत का?

बोटांतलं ज्ञान

बैठक कारखान्यातच का? कागद का पुरत नाही? गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञानं एक फरक दाखवला. अमुक आहे हे माहीत असणं वेगळं, आणि अमुक कसं करायचं ते येणं वेगळं. पोहण्याचं पुस्तक पाठ करून कुणी पोहत नाही. "बॉयलरच्या पाण्याचं तापमान ६ अंशांनी वाढवलं की सुमारे १ टक्का इंधन वाचतं" हे पहिल्या प्रकारचं ज्ञान. ते छापता येतं. पण वाफेचा ट्रॅप बिघडला हे नुसत्या आवाजावरून ओळखणं, भट्टीत भंगार कुठल्या क्रमानं टाकायचं ते कळणं, हे दुसऱ्या प्रकारचं. ते बोटांत, कानांत असतं. ते पाहायला जावं लागतं.

आणि ते बहुधा मालकाच्या बोटांत नसतं. ते फिटरच्या, बॉयलर अटेंडंटच्या, रात्रपाळीच्या ऑपरेटरच्या बोटांत असतं. आपल्या ऊर्जाविषयक सभांना कोण जातं? मालक, मॅनेजर, सल्लागार. भाषा इंग्रजी, पडद्यावर आलेख. ज्याला खरं माहीत आहे तो कारखान्यातच राहतो. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं तेव्हा ते एका कारखान्याचंच पत्र होतं, आणि मराठीत होतं. कारखान्यातली गोष्ट मराठीत सांगता येते हे शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे. आज गल्लीतल्या गटानं महिन्याचं एक पानी मराठी पत्रक काढलं, त्यात युनिट प्रति टन, युनिट प्रति नग असे आकडे दिले, आणि ज्या फिटरनं गळती शोधली त्याचं नाव छापलं, तर लीनच्या पत्रकात आणि त्यात फरक तो काय? आणि नाव छापून थांबू नये. बचतीतला वाटा त्याला मिळाला पाहिजे. नाहीतर मालकाला गिऱ्हाइकाची जी भीती वाटते, तीच कामगाराला मालकाची वाटेल, आणि तोही गप्प बसेल.

अजून एक. अशा पत्रकात फसलेले प्रयोगही यावेत. पारितोषिक-समारंभात फक्त यश सांगतात. पण "अमुक यंत्र बसवलं, वीज वाचली नाही, कारण भार सतत पूर्णच असतो" हे वाक्य दुसऱ्याचे लाखो रुपये वाचवतं. पंप किंवा पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळजवळ निम्मी लागते, हा नियम खरा. पण ज्याला वेग कमी करायला वावच नाही त्यानं वेगनियंत्रक घेऊन काय करायचं? हे ज्याचे पैसे गेले तोच सांगू शकतो. तोच खरा आप्त.

समर्थांची ती सुप्रसिद्ध ओवी तुम्हां सगळ्यांना पाठ आहे, म्हणून म्हणत नाही. तिच्यातला 'हळूहळू' हा शब्द आपण विसरतो, एवढंच सांगतो. ज्ञान एका बैठकीत जात नाही. विश्वास बसायला काही चहा व्हावे लागतात. अण्णांचे चहा पुष्कळ झाले होते. त्यांच्या चहाला विषय तेवढा नव्हता.

थांबतो. एखादा प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, आता प्रत्येक मशिनला सेन्सर बसतात, संगणकच सांगतो कुठे वीज जाते. मग या गटांची, भेटींची गरज काय?

उत्तर: चांगला प्रश्न. सेन्सरनं प्रत्यक्षाची उणीव भरून निघते. जे दिसत नव्हतं ते दिसू लागतं, आणि ते जरूर बसवावेत. पण अण्णांच्या कॉम्प्रेसरवर गेज होतंच की. आठचा आकडा रोज समोर दिसत होता. सहामध्ये भागतं, हे गेज सांगत नव्हतं. ते भिंतीपलीकडच्या माणसाला माहीत होतं.

प्रश्न: वीज स्वस्त पडली की माणूस जास्तच वापरतो, असं नाही का?

उत्तर: होतं तसं. जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १८६५ मध्येच कोळशाबद्दल हे लिहून ठेवलं. इंजिनं कार्यक्षम झाली तसा एकूण कोळसा जास्त लागला. म्हणून कारखान्यातल्या बचतीनं जगाचा ऊर्जाप्रश्न सुटेल असा दावा मी करत नाही. माझा दावा छोटा आहे. जे वाया जातं त्यातून ना माल होतो, ना पगार होतो. ते थांबवायचं ज्ञान बहुधा आपल्या गल्लीतच असतं. उद्या संध्याकाळी चहाच्या वेळी शेजाऱ्याला विचारा, "तुमच्या कॉम्प्रेसरचं प्रेशर किती ठेवता हो?" आणि आधी आपलं सांगा.